धुराड्यातून जाणारी उष्णता आणि आपली वीज



गव्हाणीत मोळी पडली आणि धुराडे पेटले की आमच्या गट कार्यालयात एक प्रश्न हमखास येतो. वर्तमानपत्रात कुठेतरी छापून आलेले असते की उष्णतेपासून थेट वीज करणारी पाटी निघाली, तिला ना वाफ लागते, ना टर्बाईन. मग सभासद विचारतात, "साहेब, आपल्या धुराड्यातनं रात्रंदिवस गरम धूर जातोय. तिथं ही पाटी बसवली तर फुकटची वीज मिळंल की! कारखाना का बसवत नाही?"

प्रश्न रास्त आहे. कारखाना सभासदांचा, धुराडे सभासदांचे, आणि त्यातून काही वाया जात असेल तर तेही सभासदांचेच. म्हणून हा विषय मुळापासून समजून घेऊ. हिशोब शेतकऱ्याचाच आहे. किती घातले, किती निघाले आणि त्याला किती खर्च आला, एवढेच बघायचे.

दोन धातू आणि एक होकायंत्र

उष्णतेपासून थेट वीज ही काही कालपरवाची गोष्ट नाही. १८२१ साली बर्लिनमध्ये थॉमस सीबेक नावाच्या शास्त्रज्ञाने तांबे आणि बिस्मथ अशा दोन धातूंच्या पट्ट्या दोन्ही टोकांना जोडल्या आणि एकच जोड तापवला. शेजारी ठेवलेल्या होकायंत्राची सुई हलली. सीबेकला वाटले की उष्णतेने लोहचुंबकत्व तयार झाले. प्रत्यक्षात त्या पट्ट्यांतून विजेचा प्रवाह वाहत होता. हे डेन्मार्कच्या ओर्स्टेड या शास्त्रज्ञाने ओळखले. पुढे १८३४ साली फ्रान्समध्ये पेल्तिए याने उलटी गोष्ट दाखविली. अशा जोडातून वीज सोडली तर एक जोड गरम आणि दुसरा थंड होतो. हा पेल्तिए मूळचा घड्याळजी होता.

होतं काय, की धातूचे एक टोक तापले म्हणजे त्यातील सूक्ष्म विद्युतकण थंड टोकाकडे सरकतात. दोन वेगळ्या धातूंत हे सरकणे कमीजास्त असते. त्या फरकामुळे विजेचा दाब तयार होतो.

ही गोष्ट आपल्या कारखान्यात रोज वापरात आहे. बॉयलरमध्ये किती तापमान आहे हे दाखविणारा जो थर्मोकपल असतो तो म्हणजे हेच दोन धातूंचे जोड. पण त्याची वीज किती? सर्वसाधारण थर्मोकपलला ५०० अंशांचा फरक मिळाला तरी सुमारे २० मिलिव्होल्ट, म्हणजे एका व्होल्टचा पन्नासावा भाग. काटा हलवायला ही वीज पुरते, पण मोटार चालवायला नाही.

पुढे विसाव्या शतकात धातूंऐवजी अर्धवाहक पदार्थ वापरात आले. बिस्मथ टेल्युराईड हा त्यातला प्रमुख. त्यामुळे वीज पुष्कळ वाढली. रशियात १९५० च्या सुमारास रॉकेलच्या कंदिलावर बसवायची अशी पाटी निघाली. कंदील उजेड देई आणि त्याच्याच उष्णतेवर खेड्यातला रेडिओ वाजे. वीज होती सुमारे ३ वॉट. अमेरिकेने १९७७ साली सूर्यमालेबाहेर पाठविलेल्या व्हॉयेजर या दोन यानांतही हीच युक्ती आहे. तिथे प्लुटोनियमच्या उष्णतेवर सुरुवातीला सुमारे ४७० वॉट वीज मिळत होती. यात हलणारा भाग एकही नाही, तेलपाणी नाही, म्हणून ती चाळीस वर्षांहून अधिक काळ चालली. पण तिथली उष्णता सुमारे ७,००० वॉटची होती हेही लक्षात घ्या. म्हणजे शंभरातील सहा-सात भाग वीज झाली आणि बाकी उष्णता अंतराळात गेली.

दुरुस्तीला माणूस पोहोचणार नाही अशा जागी, किंवा थोडीच वीज लागते अशा ठिकाणी, या पाट्या उत्तम. चुलीला वारा घालणारा छोटा पंखा त्यावर चालतो. साखर कारखान्याची गोष्ट मात्र निराळी.

उंचावरून पडणारे पाणी आणि उष्णता

उष्णतेतून किती काम मिळेल, याचा नियम १८२४ साली सादी कार्नो या फ्रेंच इंजिनियरने मांडला. त्याने उदाहरण पाण्याचेच घेतले. पाणी उंचावरून पडले तर चाक जोरात फिरते. सखल भागात पाणी कितीही असले तरी चाक फिरत नाही. कोयनेचे पाणी सह्याद्रीच्या कड्यावरून खाली पोफळीकडे पडते म्हणून तिथे वीज होते. तेवढेच पाणी सपाट रानात पसरले तर पिकाला चालेल, पण वीज व्हायची नाही.

उष्णतेचेही तसेच आहे. 'उंची' म्हणजे तापमान. गरम बाजू आणि थंड बाजू यांतला फरक जेवढा मोठा, तेवढे काम जास्त. हिशोब सोपा आहे. दोन्ही तापमानांत २७३ मिळवायचे आणि फरकाला गरम बाजूच्या आकड्याने भागायचे.

धुराड्यात जाणारा धूर सुमारे १५० अंशांचा धरा आणि थंड बाजू ४० अंश. ११० भागिले ४२३, म्हणजे शेकडा २६. आता बॉयलरची वाफ ५१० अंशांची धरा. ४७० भागिले ७८३, म्हणजे शेकडा ६०. ही झाली कमाल मर्यादा. कितीही हुशार यंत्र आणले तरी याच्या वर जाता येत नाही. प्रत्यक्षात वाफेच्या टर्बाईनला या मर्यादेचा निम्म्याच्या आसपास भाग साधतो. पाटीला मात्र एवढ्या कमी फरकात शेकडा दोन-तीनच साधतात.

धुराड्याचा हिशोब

आता एक टन ऊस घेऊन हिशोब करू. एक टन उसापासून सुमारे २८० किलो बगॅस मिळतो. बगॅस जळाला की प्रत्येक किलोमागे साधारण ५ किलो धूर निघतो. पण हा धूर बॉयलरमधून सरळ धुराड्यात जात नाही. आधी तो बॉयलरला जाणारे पाणी तापवितो, मग भट्टीत जाणारी हवा तापवितो, आणि मगच १४० ते १६० अंशांवर बाहेर पडतो. म्हणजे आपण समजतो तेवढे काही तो मोकाट जात नसतो.

त्याला आणखी फार थंड करता येत नाही. धूर जास्त थंड झाला की त्यातील पाण्याची वाफ दव धरते आणि पत्रे गंजू लागतात. समजा हिंमत करून १५० वरून ११० अंशांवर आणला. मिळणारी उष्णता टन उसामागे सुमारे १४,५०० किलोकॅलरी. विजेचे एक युनिट म्हणजे ८६० किलोकॅलरी. म्हणून ही उष्णता झाली १७ युनिटांच्या तोलाची. त्यातले पाटी सढळ हाताने धरले तर शेकडा ३ देणार. म्हणजे टनाला जेमतेम अर्धे युनिट.

चार हजार टन रोजचे गाळप असलेल्या कारखान्यात ही वीज ८० किलोवॉटच्या आसपास होते. एक पाटी चार सेंटीमीटर लांब-रुंद, साधारण बर्फीच्या वडीएवढी. असल्या कमी फरकात ती एक-दोन वॉट देते. म्हणजे चाळीस हजारांहून जास्त पाट्या लागतील. प्रत्येक पाटीच्या एका बाजूला राखेचा धूर आणि दुसऱ्या बाजूला फिरते गार पाणी पाहिजे. राख बसली की वीज कमी झाली, आणि हंगामात ती झाडायची कोणी? म्हणून कारखाना हे करीत नाही. त्यामागे आळस नाही की अज्ञान नाही. हिशोबच जमत नाही.

मग आपली वीज होते कशी?

आपली वीज वाफेवरच होते. इंग्लंडमध्ये चार्ल्स पार्सन्सने १८८४ साली वाफेचे टर्बाईन बनविले आणि त्याला वीजयंत्र जोडले. आजही जगातील बरीचशी वीज याच रीतीने होते. उसाचा कारखाना त्यातही नशीबवान, कारण सरपण त्याच्या दारात आपोआप येऊन पडते.

जुन्या काळी बॉयलर २१ किलो दाबाचे असत. वाफ टर्बाईनमधून गेली की एका युनिटाला १२ ते १४ किलो वाफ लागे. टन उसामागे ३५-४० युनिट वीज होई, ती कारखान्यालाच लागे. बगॅस उरला तर डोकेदुखी, म्हणून तो कसाही जाळून संपविण्याकडे कल होता. आज सहवीजनिर्मितीच्या कारखान्यांत ६७, ८७ किंवा ११० किलो दाबाचे बॉयलर असतात. वरच्या नियमाप्रमाणे 'उंची' वाढली.

आता हिशोब बघा. २८० किलो बगॅसपासून साधारण ६३० किलो वाफ होते. यातली ४३० किलो वाफ टर्बाईनमध्ये काम करून मधूनच बाहेर काढतात आणि रस तापवायला व आटवायला वापरतात. तिच्यापासून साडेसहा किलोला एक युनिट या हिशोबाने ६६ युनिट होतात. उरलेली २०० किलो वाफ शेवटपर्यंत जाऊन थंड होते. तिला सव्वाचार किलो पुरतात, म्हणजे ४७ युनिट. एकूण ११३. कारखान्याला ३०-३५ लागली तरी ७५ ते ८० युनिट विकायला उरतात. धुराड्यावरच्या अर्ध्या युनिटाशेजारी हा आकडा ठेवून बघा, म्हणजे कळेल.

शिवाय तीच वाफ दोनदा कामाला आली. आधी वीज केली, मग रस आटविला. नुसत्या विजेच्या कारखान्यात वापरून झालेल्या वाफेची उष्णता गार पाण्यात सोडून द्यावी लागते. आपल्याला ती साखरेला लागते. सहवीज या शब्दातील 'सह' म्हणजे हेच.

रस आटविण्यातही एक थोर युक्ती आहे. न्यू ऑर्लिन्सच्या नॉर्बर्ट रिल्यू याने १८४३ साली तिचे पेटंट घेतले. एका भांड्यात रस उकळून जी वाफ निघते, तिच्यावर दुसरे भांडे उकळायचे, त्याच्या वाफेवर तिसरे, मग चौथे. पुढच्या प्रत्येक भांड्यात हवेचा दाब कमी ठेवायचा, म्हणजे रस कमी तापमानाला उकळतो. चार भांड्यांत एक किलो वाफ सुमारे चार किलो पाणी उडविते. रिल्यूची आई कृष्णवर्णीय होती, आणि त्या काळच्या अमेरिकेत त्याला वर्णभेद सोसावा लागला. पण आज जगातील प्रत्येक साखर कारखाना त्याच्या युक्तीवर चालतो.

एक टक्का ओलावा

आता खऱ्या मुद्द्यावर येतो. पैसा धुराड्याच्या टोकाला नसून बगॅसच्या ओलाव्यात आहे.

मिलमधून निघालेल्या बगॅसमध्ये निम्मे पाणी असते. भट्टीत आधी ते पाणी उडावे लागते. ओले सरपण चुलीत घातल्यावर घरच्या माऊलीला जो त्रास होतो, तोच बॉयलरला. ५० टक्के ओलाव्याच्या बगॅसमध्ये कामाला येणारी उष्णता किलोला १,८०० किलोकॅलरी असते. ओलावा ५१ टक्के झाला की ती १,७५० च्या जवळ येते. एका टक्क्याला ४८ किलोकॅलरींचा फटका.

टन उसामागे ही उष्णता १३,४०० किलोकॅलरी होते. म्हणजे धुराड्यावर चाळीस हजार पाट्या लावून जेवढी उष्णता धरणार होतो, जवळजवळ तेवढीच! फरक हा की ही उष्णता भट्टीत, उंच तापमानाला मिळते. तिच्यापासून टनाला १७ किलो वाफ आणि सुमारे ४ युनिट वीज होते. तिकडे अर्धे, इकडे चार.

हंगामात पाच लाख टन गाळप धरा. चार युनिटांप्रमाणे २० लाख युनिट झाले. युनिटला ५ रुपये धरले तर एक कोटी. बगॅस नुसता एक टक्का कोरडा केल्याचा हा आकडा आहे. ओलावा राखणे हे मुख्यत्वे मिलच्या रोलरचे, त्यांच्या दाबाचे आणि वर सोडायच्या पाण्याचे काम आहे. ते इंजिनियरिंग खात्याचे. म्हणून वार्षिक सभेत अहवाल हातात आला की सभासदांनी साखर उताऱ्याच्या आकड्याबरोबर बगॅसचा ओलावा आणि उसावरील वाफेचे प्रमाण हे दोन आकडेही बघावेत. बघणारा आहे म्हटले की आकडा सुधारतो.

आपल्या फडात काय करायचे

काही गोष्टी मात्र फडातच ठरतात.

पहिली गोष्ट स्वच्छ ऊस. कोणी म्हणतात, "पाचट गेलं तर गेलं, तेवढाच बगॅस वाढला." हा समज चुकीचा आहे. कोरडे पाचट मिलमध्ये गेले की ते रस पिते. रस पिऊन ओले होऊन बाहेर येते. म्हणजे साखरही गेली आणि सरपणही ओले झाले. मुळ्यांची माती तर दुहेरी नुकसान करते. ती जळत नाही, आणि तिची वाळू बॉयलरच्या नळ्या घासते. नळी फुटली की कारखाना बंद, आणि तोडलेला ऊस फडात वाळत पडतो. म्हणून टोळीच्या मुकादमाला सांगून ऊस जमिनीलगत तोडून घ्या. मुळ्या, माती, वाढे आणि बांडी मोळीत जाऊ देऊ नका.

दुसरी गोष्ट ताजा ऊस. तोडल्यावर ऊस जितका पडून राहील तितके वजन आणि साखर दोन्ही घटतात. जाळलेल्या उसाचे तर विचारूच नका.

तिसरी गोष्ट पाचटाची. हल्ली पाचटाच्या गठ्ठ्या बांधून बॉयलरला विकण्याचा विचार पुढे येतो. कोरड्या पाचटात उष्णता चांगली असते हे खरे. पण हेक्टरी साडेसात ते दहा टन पाचट निघते. त्यात अर्धा टक्का नत्र, एक टक्क्याच्या आसपास पालाश आणि शेकडा ३२ ते ४० सेंद्रिय कर्ब असतो. ते जाळले की नत्र आणि कर्ब धुरात जातात. भट्टीत त्यातला पालाश नळ्यांना चिकटून राखेचा थर धरतो, म्हणून बॉयलरवालेही ते मर्यादेतच घेतात.

माझे स्पष्ट मत असे आहे. खोडवा ठेवायचा असेल तर पाचट रानातच ठेवावे. एका आड एक सरीत दाबावे, टनाला ८ किलो युरिया, १० किलो सुपर फॉस्फेट आणि १ किलो पाचट कुजविणारे जिवाणू टाकावेत. ओल टिकते, तण दबते, जमिनीचा कर्ब वाढतो. खोडवा मोडून रान लगेच दुसऱ्या पिकाला द्यायचे आहे आणि नाही तर काडीच लागणार आहे, तिथे विकले तर चालेल. पण काडी लावणे हा दोन्हीकडून तोटा. उष्णता गेली, खतही गेले, आणि जमिनीतील जिवाणू मेले ते वेगळेच.

विजेतून ऊसदर वाढेल काय?

याचे उत्तर झाकून ठेवण्यात अर्थ नाही. वीज विकून उत्पन्न येते, पण ते सगळे नफा नव्हे. उंच दाबाचा बॉयलर आणि टर्बाईन कर्जावर येतात. हप्ता बारा महिन्यांचा आणि हंगाम चार-पाच महिन्यांचा, कधी त्याहूनही कमी. शिवाय सौर वीज स्वस्त झाल्यापासून आपल्या विजेच्या दरावर ताण आला आहे आणि नवे दर स्पर्धेच्या निविदेतून ठरतात. उरलेल्या बगॅसला कागदाचे कारखानेही गिऱ्हाईक आहेत, आणि आसवनी असेल तर तिलाही वाफ लागते. म्हणून बगॅस जाळून वीज करावी, की विकावा, की बिगरहंगामात आसवनीला ठेवावा, हे दर वर्षी दर बघून ठरवावे लागते.

तरी एक गोष्ट पक्की आहे. बगॅस ही फुकटची वस्तू नाही. रंगराजन समितीने २०१२ साली जे उत्पन्न-वाटप सुचविले त्यात साखरेबरोबर बगॅस, मळी आणि प्रेसमड यांचाही हिशोब धरला आहे. तेव्हा वाचलेला प्रत्येक किलो बगॅस शेवटी तुमच्या-आमच्याच हिशोबात येतो.

यंत्र विकणारा आला तर

नवे शोध लागत राहतील, आणि लागावेत. पाट्यांचेही संशोधन जगभर चालू आहे. पण उद्या कोणी 'उष्णतेपासून वीज' म्हणून गुऱ्हाळाला, घरच्या चुलीला किंवा कारखान्याला काही विकायला आला, तर त्याला चार प्रश्न विचारा. गरम बाजू किती अंश? थंड बाजू किती अंश, आणि ती थंड कशाने ठेवायची? शंभर भाग उष्णतेतून किती भाग वीज? आणि सगळा खर्च धरून युनिट कितीला पडते? चारही उत्तरे आकड्यांत मिळाली तर पुढे बोला. नुसतेच 'फुकट' म्हणाला तर चहा पाजून वाटेला लावा.

ऊस स्वच्छ आणि ताजा पाठवा, पाचट पेटवू नका. शंका असल्यास आपल्या गट कार्यालयात जरूर यावे.

— ऊस विकास अधिकारी